जाळीत अडकलेली भोजली

ओल्या गव्हाच्या अंकुरांचा वास आला की मला, रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, तेव्हाचा एक दिवस आठवतो. तुमच्या आजोबांनी डोंगरातल्या गावात नाल्यावर छोटं वीजयंत्र बसवलं होतं. सरकारी साहेब ते तपासायला आले आणि यंत्र थांबलं. ते चाललं नाही तर शेजारच्या गावाला तसं यंत्र मंजूर होणार नव्हतं. "आता काहून बंद पडलं?" आजोबा घामाघूम. मी यंत्रात पाणी शिरतं त्या तोंडाशी गेले, तर जाळी गव्हाच्या रोपांनी गच्च! टोपलीत उगवून पूजलेली ही रोपं, म्हणजे भोजली, गावातल्या बाया दरवर्षी राखीनंतर तिथंच विसर्जित करत. "हमन तो इहें सराथन दीदी, मशीन ला कोन बलाइस?" आम्ही तर इथंच सोडतो, यंत्राला कुणी बोलावलं, म्हणत त्या हसल्या. पदर खोचून आम्ही सगळ्या उतरलो, जाळी मोकळी केली आणि शाळेतला दिवा लागला. मंजुरी मिळाल्यावर शेजारच्या गावी यंत्रासाठी पाणी मोजण्याआधी आजोबांनी तिथल्या बायांना विचारलं, "भोजली कुठं सोडता?" इंजिनिअर ते होते, प्रश्न माझा होता, हे मी आजही ठणकावून सांगते.