चार नंबरच्या खोलीतला हिवाळा

ऑगस्टच्या भर दुपारी, डांबर मऊ पडलेलं असताना, बहरीनमधल्या मआमीरच्या रस्त्यावर खांद्यावर जाड जाकीट टाकून कुणी चाललेला दिसला, तर तो दत्तू थूल. सव्वीस वर्षं झाली; आता कुणी वळून बघत नाही. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाच कोल्ड स्टोअर म्हणतात, म्हणून दत्तू आपल्या कामाच्या जागेला नुसतं 'फ्रीझर' म्हणतो. मासळी आणि कोंबडी साठवायच्या पाच मोठ्या खोल्या, आत उणे अठरापासून उणे अठ्ठावीसपर्यंत थंडी, आणि ती थंडी टिकवणारी यंत्रं. ही यंत्रं दत्तूच्या ताब्यात. पुलगावहून निघताना सगळ्यांनी त्याला उन्हाची भीती घातली होती. आयुष्य मात्र गारठ्यात गेलं.

आभाळातून पडणारा बर्फ त्याने कधी पाहिलेला नाही. पण थंडीची चाल त्याला ठाऊक आहे. ती आधी रबराला धरते, मग तेलाला, मग माणसाला. एकदा हातमोजा काढून त्याने व्हॉल्व्ह पकडला होता, तेव्हापासून उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना काही कळत नाही.

गोदामाचा सुपरवायझर हाशिम मआमीरचाच. दोघांचे केस इथेच पिकले. हाशिम त्याला अबू दीप्ती म्हणतो, म्हणजे दीप्तीचा बाप. इथली रीतच तशी. नोव्हेंबरच्या अखेरीस एकदा चहा पिताना तो म्हणाला, "अबू दीप्ती, जानेवारीत आमिनाला डिग्री मिळतेय. डॉक्टर झाली माझी पोरगी. मी गाडीने जाणार."

आमिना तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, डोंगरातल्या एका शहरात शिकत होती. कानाच्या ऑपरेशनपासून हाशिमला विमान बंद होतं. म्हणजे सौदी, कुवेत, इराक आणि मग चढ. जानेवारीत तिथे रात्री पारा उणे तीसपर्यंत उतरतो, हे पोरीने बापाला सांगितलं होतं. येऊ नका, असंही सांगितलं होतं.

"आणि गाडी?" दत्तूने विचारलं.

"गॅरेजमध्ये दाखवली. विंटर चेकअप झालं, काचेवर स्टिकर लावून दिलाय. खलास."

"रेडिएटरमध्ये काय आहे?"

"जे असतं ते. कमी झालं की मी बाटलीतलं पाणी ओततो."

दत्तूने कप खाली ठेवला. यात हाशिमचं काही चुकलं नव्हतं. इथे सगळे तेच करतात. इंजिन तापू नये एवढीच इथली काळजी. ते गोठेल, हे कुणाच्या मनालाही शिवत नाही.

"हाशिमभाई, असेच गेलात तर पोरीची डिग्री राहील बाजूला, तिचे पहिले पेशंट तुम्हीच व्हाल."

हाशिम हसला. मग कपाच्या तळाशी बघत म्हणाला, "मग तूच बघ. तू जा म्हणालास तर जातो. नको म्हणालास तर आमिनाला फोन करून सांगतो, बाप येत नाही."

संध्याकाळी जिदहफ्सच्या घरी त्याच्या बायकोने, कांताने, सगळं ऐकून घेतलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्याच्या गाडीच्या भानगडीत तुमी काऊन पडता? तुमी काय मोटारीचे मेकॅनिक आहा?"

"मोटारीचा नाई," दत्तू म्हणाला. "थंडीचा तं आहो ना."

दुसऱ्या दिवशी त्याने तीन बाटल्या भरल्या. एकीत हाशिमच्या रेडिएटरमधलं पाणी, दुसरीत डब्यातलं निव्वळ कूलंट, तिसरीत तेच कूलंट शुद्ध पाण्यात निम्मंनिम्मं मिसळून. तिन्ही बाटल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवल्या. फोर्कलिफ्ट चालवणारा खिजर पेशावरचा. त्याने आपला निकाल आधीच देऊन टाकला. "खालिसवाली जीतेगी, दत्तूभाई. आप तो दूध में भी पानी मिलाते होंगे."

सकाळी पहिली बाटली उभी फुटलेली होती. दुसरीतलं कूलंट खव्यासारखं घट्ट झालं होतं. तिसरी दत्तूने हलवली, तर आत डुचमळलं. खिजरने ती कानाशी धरून पुन्हा हलवून बघितली.

"ये तो उल्टा हो गया," तो म्हणाला.

"उलटं नाही. दोघं एकत्र आले की दोघंही गोठत नाहीत," दत्तू म्हणाला.

मग कामाला सुरुवात झाली. पाणी काढून निम्मंनिम्मं मिश्रण भरलं. उन्हाळ्यासाठी घातलेलं जाड तेल थंडीत काकवीसारखं ओढतं, म्हणून ते उतरवून पातळ तेल घातलं. नवी, जास्त ताकदीची बॅटरी आली. काच धुवायच्या टाकीत न गोठणारं पाणी गेलं. चाकांना बांधायच्या साखळ्या मिळाल्या. बर्फाचे टायर मात्र इथे मिळेनात. ते तुर्कस्तानची हद्द ओलांडल्यावर पहिल्याच शहरात घालायचे, असं दत्तूने हाशिमकडून कबूल करून घेतलं.

एवढं करूनही त्याच्या तोंडून 'जा' निघेना. बाटली गोठली नाही म्हणजे गाडी चालेलच असं नाही.

त्याच आठवड्यात चार नंबरची खोली दुरुस्तीसाठी रिकामी झाली होती. दुरुस्ती झाली की ती पुन्हा उणे अठ्ठावीसला नेऊन दोन दिवस तपासायची आणि मगच धुऊन माल भरायचा, असा नियम होता. फोर्कलिफ्ट जाते त्या दारातून हाशिमची गाडी सहज आत गेली असती. दत्तूने मॅनेजर गुरुप्रसाद साहेबांना विचारलं. साहेब पुण्याचे. त्यांनी चष्मा पुसला.

"थूल, मी असलं काही लिहून देणार नाही. पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी जनाबियाला घरी असतो, आणि माझा फोन सायलेंटवर असतो."

गुरुवारी दुपारी साहेब घरी गेले आणि गाडी आत गेली. त्याआधी दत्तूने ती खिजरकडून धुवून घेतली. खोलीत धुळीचा कण न्यायचा नाही, हा दत्तूचाच नियम. सव्वीस वर्षांत त्याने तो कुणालाही मोडू दिला नव्हता. खिजरने गाडी अशी धुतली की दारांच्या फटींतून पाणी निथळत होतं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता दत्तूने खोलीचं दार उघडलं. पांढऱ्या वाफेतून गाडी हळूहळू दिसू लागली. आख्खी भुरकट झाली होती. हाशिमने पुढे होऊन दार ओढलं. दार हललं नाही. दुसरं ओढलं, तिसरं, चौथं. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी गोठून चारही दारं चिकटली होती.

हाशिम आधी हसला. मग त्याचा हात दारावरच राहिला. "डोंगरात असं झालं तर? मी बाहेर, आणि गाडी आतून बंद?"

दत्तूला ते लागलं. खिजर म्हणाला, "धोया तो मैंने था." दत्तूने मान हलवली. "तू सांगितलं तसंच केलंस. चूक माझी. थंडीत नेण्याआधी मी गाडीला आंघोळ घातली."

मागच्या एका दाराचं रबर झिजलेलं होतं, म्हणून जोर लावल्यावर तेवढं एक दार करकरत उघडलं. दत्तूने जाकिटाची चेन वर ओढली आणि छप्पन्नाव्या वर्षी गुडघ्यांवर आत शिरला. सीटवरून रांगत पुढे जाताना त्याचा बूट अडकला आणि बाहेरून हाशिम म्हणाला, "अबू दीप्ती, मासळीसारखा दिसतोयस."

"बोलू नका. ऐका."

त्याने चावी फिरवली. इंजिन एकदा जड आवाजात कण्हलं. दुसऱ्यांदा कण्हलं. तिसऱ्या फेरीला ते पेटलं आणि आधी खरखरत, मग एकसारखं चालू लागलं. खिजरने टाळी वाजवली. दत्तूने धूर साठू नये म्हणून गाडी लगेच बाहेर काढली. उन्हात येताच काचेवरचा बर्फ ओघळू लागला.

पण 'जा' तो त्या दिवशीही म्हणाला नाही. त्याने मागचं झिजलेलं रबर बदललं. कोरड्या फडक्याने सगळ्या फटी पुसल्या, रबरांना सिलिकॉनचं ग्रीस चोळलं आणि गाडी पुन्हा आत घातली. या वेळी धूळ फक्त पुसली. शनिवारी सकाळी त्याने हाशिमला पुढे केलं. हाशिमने एका बोटाने दार ओढलं. ते उघडलं. त्याने चावी फिरवली. इंजिन दुसऱ्या फेरीलाच लागलं.

"जा," दत्तू म्हणाला. "रोज संध्याकाळी रबरं पुसायची. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. आणि तिकडे गाडी धुवायची नाही, कितीही घाण झाली तरी."

"आमिनाच्या डिग्रीला घाणेरड्या गाडीतून जाऊ?"

"घाणेरड्या गाडीतून पोचाल तरी."

जानेवारीच्या मध्यावर, सकाळी दत्तू कामावर निघत असताना फोनवर हाशिमचा व्हॉइस मेसेज आला. मागे कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. "अबू दीप्ती, उणे एकतीस. काल आमिनाने माझ्या डोक्यावर आपली टोपी ठेवली, डिग्रीची. आज सकाळी गल्लीतल्या सहा गाड्यांपैकी एकच चालू झाली. आता शेजाऱ्याच्या गाडीला माझ्या बॅटरीवरून चालू करून देतोय. तो विचारतोय, गाडी कुणी तयार केली? रशियात का? मी सांगितलं, बहरीनच्या माणसाने. त्याला वाटतंय मी थट्टा करतोय." मग शेजाऱ्याचं इंजिन पेटल्याचा आवाज.

दत्तू दारातच उभा राहिला. कांता ओले हात पुसत बाहेर आली.

"बहरीनचा माणूस म्हणे," तो म्हणाला.

"मंग काय पुलगावचा म्हणंन? त्या लोकायले पुलगाव कुठं माईत?" कांता म्हणाली. तिने फोन त्याच्या हातातून घेतला, तो आवाज पुन्हा लावला आणि या वेळी मोठा केला, भिंतीपलीकडच्या घरातही ऐकू जाईल इतका.