वहिनीने केलेले दादाचे खून

माझ्या दादाचा पहिला खून झाला तेव्हा मी दारातच किंचाळले होते. हातात परत द्यायला आणलेली चाळणी होती, ती सुटून गडगडत पार फ्रीजखाली गेली. दादा स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणा पडला होता. एक पाय खुर्चीत अडकलेला, शर्टावर टोमॅटोचा रस. आणि नवी वहिनी ओट्यावर पाय हलवत बसून मीठ लावलेली काकडी खात होती.

"ओरडू नकोस गं," ती म्हणाली. "तुझ्या आवाजाने ह्यांचा हात हलला बघ. आता परत पडावं लागणार."

"मी नाही परत पडणार," मेलेला दादा डोळे न उघडता म्हणाला. "कोपर दुखतंय."

त्यांच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे ही बाई काय चीज आहे ते मला इतरांच्या आधी कळलं. आमच्या घराण्यात वेडं कुणी नव्हतं, ती कसर भरून निघाली असं मी त्या दिवशी आईला सांगितलं. पुढे मीच तिची टायपिस्ट झाले, तिचं गिचमिड अक्षर वाचू शकणारी जगातली एकमेव व्यक्ती, आणि आता तिच्याविषयी कुणी वेडंवाकडं बोललं तर मी भांडायला उभी राहते. तो हक्क फक्त माझा आहे.

वहिनी रहस्यकथा लिहिते. अशी बाई म्हणजे कुणीतरी गूढबिढ असणार, असं लोकांना वाटतं. आमची वहिनी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. फ्रेमा पुसते, स्क्रू आवळते, लोकांच्या कानामागे काडी टोचते का ते बघते. तिची सगळी पात्रं तिला त्याच काउंटरवर भेटली. ती म्हणते, चष्मा उतरवून दिला की माणसाला समोरचं दिसत नाही, आणि त्याला वाटतं की समोरच्यालाही आपण दिसत नाही. मग तो काय वाट्टेल ते बोलून जातो. तिच्या पुस्तकांतली गुन्हे उकलणारी बाईसुद्धा चष्मेवालीच आहे.

दुकान उघडायच्या आधी, सकाळी, ती लिहिते. तेही उभ्याने, इस्त्रीच्या टेबलावर. बसलं की तिला झोप येते आणि तिच्या मते पात्रांनाही येते. पेन चालत नाही, पेन्सिलच लागते, तीही मागून चावलेली. घड्याळाची टिकटिक सहन होत नाही म्हणून घरातलं एकुलतं एक भिंतीवरचं घड्याळ न्हाणीघरात टांगलेलं आहे, आणि त्यांच्याकडे आलेला पाहुणा वेळ बघायला टॉवेल घेऊन जातो. दुसऱ्यांच्या रहस्यकथा ती वाचत नाही. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले ते बारीक अक्षरांचे कागद मात्र भिंग लावून, चवीने वाचते. "ह्या एका कागदात जेवढी माणसं मरू शकतात ना," ती म्हणायची, "तेवढी माझ्या अख्ख्या पुस्तकात मरत नाहीत." आणि हीच बाई बोट कापलं तर भिंतीला टेकून खाली बसते. झुरळ दिसलं तर दादाला हाक जाते.

तिची लिहायची रीत एकच. आधी प्रेत पडलं पाहिजे. खुनी कोण, का, कशाने, हे तिला सुरुवातीला काहीच ठाऊक नसतं. माणूस खरोखर कसा कोसळतो, पडताना काय ओढतो, शेवटी त्याचा हात कशाच्या दिशेने जातो, हे डोळ्यांनी दिसलं की तिथून गोष्ट सुटायला लागते. आणि पडायला घरात दादाशिवाय होतं कोण?

दादा मोटार शिकवतो. दिवसभर शिकाऊ लोकांच्या हातून मरता मरता वाचायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोच्या हातून मरायचा. जिन्यात मेला, न्हाणीघरात मेला, कपाटात घडी होऊन मेला. एकदा आमच्याच सोफ्यावर विष पिऊन मेला तेव्हा नेमकी विमेवाली बाई आली होती. तक्रार करायचा, पण पडायचा मात्र मनापासून. त्याला एकच नियम होता, वहिनीने 'उठा' म्हटल्याशिवाय हलायचं नाही. आणि वहिनी तर प्रेत नीट पडलं की पेन्सिल घेऊन पळायची ती त्याला विसरूनच जायची. दादा तिथेच घोरायला लागायचा. एकदा मला दया आली म्हणून मी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली, तर वहिनीने आतून येऊन ती खसकन ओढून घेतली. "प्रेताला उशी? वाचक हसतील मला!" मग लिहून झालं की ती त्याच्याजवळ बसायची, चेहऱ्यावर वाकून क्षणभर काहीतरी बघायची आणि म्हणायची, "उठा."

मागच्या वर्षी दादाला गाडीतच त्रास झाला. शेजारी स्टिअरिंगवर एक मुलगी होती, शिकायला लागून आठवडा झालेला. छातीत कळ आली तसं त्याने तिला सांगितलं, "आरशात बघ, सिग्नल दे, गाडी बाजूला घे, घाबरू नकोस." गाडी बाजूला लागली तसा त्याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि मान टाकली. त्या पोरीने आरडाओरडा करून माणसं जमवली. तिचे उपकार आम्ही कधी विसरणार नाही.

ऑपरेशन झालं, दादा घरी आला. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जिना हळू चढा, जड उचलू नका, श्वास रोखून जोर लावू नका, बाकी सगळं करा. त्यातलं 'बाकी सगळं करा' एवढंच वहिनीला ऐकू आलं नाही.

तिने दादाला खुर्चीत बसवलं. पाण्याचा पेला तिने द्यायचा, टीव्हीचा आवाज तिने कमी करायचा, दाराची बेल वाजली तर तिने उठायचं. औषधांचे ते कागद आता ती भिंगाशिवाय, ओठ हलवत वाचायची आणि त्यात तिला गंमत वाटत नव्हती. "रात्री जाग आली की ही आपली उठून माझ्या छातीकडे बघत बसलेली असते," असं दादाने मला सांगितलं.

लिहिणं चालू होतं म्हणे. पानं माझ्याकडे टाइप करायला आली तेव्हा मी चाटच पडले. एका अंगठीची चोरी. अंगठीवाल्या बाईला साधी सर्दीसुद्धा होत नव्हती. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "बाई, सहावं प्रकरण संपलं. अजून सगळे ठणठणीत आहेत!"

"असू द्या की ठणठणीत," वहिनी म्हणाली. "तुमचं काय बिघडलं?" आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर पानं येणं थांबलं. पेन्सिली चमच्यांच्या कप्प्यात गेल्या. इस्त्रीच्या टेबलावर चक्क इस्त्री व्हायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "पुरे झालं गं. सुचत नाही. खूप लिहून झालं." दुकानात जायची, यायची, आणि दादाच्या खुर्चीसमोर बसायची.

दादा एकदा मला जिन्यात भेटला, वहिनीची नजर चुकवून एक मजला चढून आला होता. म्हणाला, "धाकटे, मी मेलेला होतो तेव्हा जास्त जिवंत होतो गं." हसून म्हणाला, पण मला हसू आलं नाही. त्याच्या हृदयाची काळजी मला नव्हती, ते डॉक्टरांनी दुरुस्त केलं होतं. मला भीती होती ती ह्या दोघांच्या संसाराची. एक रोगी आणि एक पहारेकरी, असंच उरलेलं आयुष्य जाणार की काय, ह्या विचाराने माझा जीव तुटत होता. आणि वहिनीने लिहायचं सोडलं तर ती वहिनी राहणार नव्हती, हेही मला दिसत होतं.

मग ती सुट्टीची दुपार. मी खाली गेले होते कात्री मागायला. वहिनी दादाच्या शर्टांना इस्त्री करत होती. दादा खुर्चीतून उठला.

"काय हवंय? बसा, मी आणते," वहिनी लगेच म्हणाली.

"पाणी हवंय आणि ते मी आणणार," दादा म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्याची हाक आली. "झालं! मेलो मी. ये बघायला."

वहिनी तशीच इस्त्री हातात घेऊन धावली. वायर ताणून प्लग निघाला, ते तिच्या गावीही नव्हतं. मी तिच्या मागे. दादा फरशीवर उताणा पडला होता, एक पाय खुर्चीत अडकवलेला, अगदी पहिल्या वेळेसारखा. फक्त शर्ट स्वच्छ होता आणि केस पिकलेले.

"उठा," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो, उठा म्हणते ना!"

"नीट बघितल्याशिवाय उठा म्हणायचं नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"श्वास रोखू नका म्हणून सांगितलंय. आडवं होऊ नका म्हणून नाही. हे बघ, घेतोय श्वास." आणि त्याने पोट वरखाली करून दाखवलं.

मी वहिनीच्या हातातून इस्त्री काढून घेतली. ती त्याच्याशेजारी खाली बसली, वाकली, आणि तिचं बोट आपोआप त्याच्या नाकाशी गेलं. दादाने झटकन तिचं मनगट धरलं.

"हे," तो म्हणाला. "हे तू आजारपणानंतर सुरू केलेलं नाहीस. पहिल्या पुस्तकापासून करतेस. आधी नाकाशी बोट, मग 'उठा'. मला कळत नाही असं वाटलं होतं तुला? दर वेळी बोट गारठलेलं असतं तुझं."

इतकी वर्षं मला वाटायचं, ती पुस्तकासाठी चेहरा न्याहाळते. मी ओट्याला टेकून उभी राहिले, कात्रीबित्री विसरून.

"भीती तेव्हाही वाटायचीच की तुला," दादा म्हणाला. "तरी लिहायचीस. मग आता काय झालं?"

"आता खरं झालं होतं," वहिनी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "मी इतक्यांदा मारलं तुम्हाला. मजेत, काकडी खात. आणि मग दवाखान्यातून फोन आला तेव्हा वाटलं, हे माझंच... मीच आणलं ओढवून."

दादा म्हणाला, "वेडी आहेस. अगं, चाळीस वर्षं जिलेबी तळल्यासारखी गाडी वळवणाऱ्यांच्या शेजारी बसलोय, त्यांनी काही केलं नाही, तू काय करणार? माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, माहितीये ना? तो वेळेला दाबायचा. भीती वाटते म्हणून सारखा दाबूनच धरला तर गाडी जागची हलत नाही आणि शिकणारा रडायला लागतो. पाय असू दे ब्रेकवर. दाबून धरू नकोस."

वहिनीने डोळे पुसले. मग तिची नजर आपल्या मनगटावर गेली, त्याभोवतीच्या दादाच्या बोटांवर. ती बघतच राहिली. दादाने हात सैल केला.

"सोडू नका," ती म्हणाली.

"अगं पण..."

"सोडू नका म्हणते ना! धाकटे, पेन्सिल कुठे आहे?"

"चमच्यांच्या कप्प्यात," मी म्हणाले आणि धडपडत कप्पा उघडला.

"मेलेला माणूस मनगट धरत नाही," वहिनी स्वतःशीच म्हणाली. "सगळ्यांना वाटतंय हा गेला. खुन्याला पण वाटतंय. माझी चष्मेवाली वाकून बघते, तर हा तिचं मनगट धरतो. म्हणजे ह्याला सगळं माहीत आहे. आणि खुनी त्याच खोलीत उभा आहे..." फ्रीजवर औषधाचा एक कागद होता, तो मी तिला दिला. त्याच्या कोऱ्या कडेवर ती मोकळ्या हाताने भराभरा लिहायला लागली. कडा भरली तसं तिने मनगट सोडवून घेतलं आणि बाहेर पळाली. इस्त्री केलेले शर्ट टेबलावरून धपकन खाली पडल्याचं ऐकू आलं.

"उठू का मी?" दादाने ओरडून विचारलं.

"थांबा हो जरा!"

दादाने डोळे मिटले. इतका खूश मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. फरशी गार होती, म्हणून मी आतून उशी आणली आणि त्याच्या डोक्याखाली सरकवली. तेवढ्यात वहिनी दुसरी पेन्सिल न्यायला आली. उशी बघून दारातच थांबली. मी ती काढून घ्यायला वाकले.

"राहू दे उशी," वहिनी म्हणाली. "हा जगणार आहे."