बिननावाच्या बातम्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि ऑफिसात सांगायचा तर प्रश्नच नव्हता. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळख नसली की किती सोपं जातं, हे मला चांगलंच माहीत आहे.

कोथरूडला आमची पत्रकारितेची संस्था आहे. खेड्यापाड्यांतल्या नव्या बातमीदारांना आम्ही शिकवतो, अभ्यासवृत्त्या देतो. संस्थेच्या वेबसाइटवर ‘आमचे सहकारी’ असं एक पान आहे. प्रत्येकाचा फोटो, आणि खाली चार-पाच ओळी — आधी कुठे होते, काय केलं. त्या ओळी मी लिहिते, सगळ्यांच्या. आणि खरं सांगू? मला त्या कामाचा उबग आलाय. कुणी दोन महिने रेडिओ केंद्रात टेपा लावल्या, की झाला ‘श्राव्य माध्यमाचा अनुभव’. कुणी वर्षभर घरी बसून होतं, की झाले ‘मुक्त पत्रकार’. राईचा पर्वत करायला निदान राई तरी लागते ना? काहींच्या बाबतीत तीही मीच पुरवली.

आणि माझ्या फोटोखाली? ‘जिल्हा दैनिकात अकरा वर्षं वरिष्ठ उपसंपादक. आश्रमशाळांवरील गाजलेल्या वृत्तमालिकेत सहभाग.’

मी उपसंपादक नव्हते. एक दिवसही नव्हते. वऱ्हाडातल्या त्या दैनिकात — आता ते बंद पडलंय — मी टाइपिस्ट होते. तालुक्याचे वार्ताहर फोनवरून बातमी सांगायचे, मी ऐकत ऐकत टाइप करायचे. पुण्यात आल्यावर आधी बोली सोडली, मग हुद्दा बदलला. कुणी विचारलं नाही. इथे ‘वरिष्ठ’ म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात.

पण थांबा. ही माझी कबुली नाही. खोटा हुद्दा तर पुण्यात रोज कुणीतरी लावतं. एवढंच सांगून, डोळे पुसून, मी इथे थांबू शकले असते — आणि ती आणखी एक लबाडी झाली असती. मला सांगायचंय ते तायड्यांबद्दल.

सुखदेव तायडे. आमचे एका तालुक्याचे वार्ताहर. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एसटी स्टँडजवळच्या बूथवरून त्यांचा फोन यायचा. “लिवा ताई,” म्हणायचे, आणि स्वल्पविराम-पूर्णविरामासकट बातमी सांगायला लागायचे. फोनमधून त्यांना माझ्या टाइपिंगचा आवाज यायचा. मी घाईत पुढच्या वाक्याला गेले की लगेच, “पूर्णविराम राह्यला, ताई.” मला हसू यायचं. मग मी तो द्यायचे.

आश्रमशाळेची मालिका त्यांची. मुली फरशीवर झोपतात, गाद्या फक्त तपासणीच्या दिवशी येतात. तपासणी संपल्यावर गाद्यांचा टेम्पो कुठे जातो हे बघायला हा माणूस सायकलवरून त्याच्या मागे गेला होता. चार दिवस मालिका चालली, जिल्ह्यात खळबळ उडाली. छापताना वर नाव काय? ‘वार्ताहर’. जिल्ह्याच्या ऑफिसातल्या माणसाचं नाव छापायचं, तालुक्याच्या माणसाला नुसतं ‘वार्ताहर’ — तशी पद्धतच होती. आणि माझा तो ‘सहभाग’? मी ती टाइप केली होती. माझ्याकडून सांगण्यासारखं एवढंच.

आता येतेच मुद्द्यावर. किती टाळणार?

सहा वर्षांपूर्वी आम्हाला ग्रामीण बातमीदारांसाठी प्रशिक्षक हवा होता. मुलाखतीला टेबलाच्या एका बाजूला आमचे संचालक, शेजारी मी. दार उघडलं आणि तायडे आत आले. केस पांढरे, हातात रेक्झिनची बॅग. मुलाला हिंजवडीत नोकरी लागली होती, घर वारज्याला घेतलं होतं, म्हणून तेही पुण्याला आले होते. मला बघून चेहरा असा फुलला त्यांचा — परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसा. “ताई! तुम्ही इथं?”

मी नुसती मान हलवली. कुणालाही हलवावी तशी.

त्यांनी बॅग उघडून कात्रणं मांडली. बावीस वर्षांची. नीट चिकटवलेली, तारखा घातलेली. संचालकांनी एकेक पाहिलं. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का — नावानिशी छापलेल्या किमान तीन बातम्या हव्यात. इथे एकावरही नाव नाही. सगळीकडे वार्ताहर, वार्ताहर, वार्ताहर. पेपर बंद, संपादक वारलेले. विचारायचं कुणाला?

“अहो मॅडम,” संचालक माझ्याकडे वळले, “आपण त्याच पेपरात होतात की. आपण सांगा — या बातम्या यांच्याच ना? आपल्या शब्दावर घेतो मी यांना.”

एक वाक्य. एवढंच लागत होतं. ‘हो, यांच्याच. मी स्वतः फोनवर उतरवून घेतल्यात.’ पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — वरिष्ठ उपसंपादक फोनवर बातम्या उतरवून घ्यायचे?

मी म्हणाले, “आमच्याकडे तालुक्याचे खूप वार्ताहर होते सर. सगळे कुठे लक्षात राहतात!”

झालं. हे ते वाक्य. हीच ती कबुली.

तायड्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कात्रणं गोळा करताना ते हळूच म्हणाले, “बराबर हाये मॅडमचं. लय होतो आम्ही.”

मॅडम! दोन मिनिटांपूर्वी मी ताई होते.

संचालकांना वाईट वाटलं. त्यांनी तायड्यांना कात्रण विभागात ठेवून घेतलं — रोजचे पेपर कापायचे, चिकटवायचे, नोंदी करायच्या. वेबसाइटवर त्यांचा परिचय मीच लिहिला : ‘सुखदेव तायडे, कार्यालयीन सहाय्यक.’ ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांना मी पाच-पाच ओळी दिल्या होत्या. यांना एकही नाही.

सहा वर्षं ते माझ्या केबिनसमोर बसले. आमच्या मुली-मुलांना पहिल्या महिन्यातच कळायचं की बातमी कुणाला दाखवायची. माझा वर्ग संपवून ती त्यांच्या टेबलाशी घोळका करायची. एकदा गडचिरोलीकडच्या एका मुलीचा फोन आला, नेट नाही, बातमी पाठवता येत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. तायड्यांनी कीबोर्ड ओढला. “सांगा बेटा. पूर्णविरामासकट सांगा.” आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. मी काचेतून बघत होते. वर्षअखेरीच्या अहवालात त्या मुलीने आभार मात्र माझे मानले.

मला त्यांचा राग यायचा. हसाल तुम्ही. पण हा माणूस बोलत का नाही? एकदा संचालकांकडे जाऊन सांगून का टाकत नाही? चहाच्या वेळी मी मुद्दाम तुटक बोलायचे, नोंदवहीत चुका काढायचे. ते “हाओ मॅडम” म्हणून दुरुस्त करायचे. चोर तो चोर, वर शिरजोर — आई म्हणायची ते माझ्यासाठीच होतं बहुतेक. रोज सकाळी गाडी लावताना ठरवायचे, आज सांगू. जिना चढेपर्यंत विचार बदललेला असायचा.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. छोटा समारंभ, पेढे, गुच्छ. मग त्यांनी ती रेक्झिनची बॅग टेबलावर ठेवली. कात्रणं संस्थेलाच द्यायची म्हणाले, पोरांच्या उपयोगी पडतील. संचालक गहिवरले. नोंदवही आणवली आणि पेन माझ्या हातात दिलं — “आज तायडे नाही लिहिणार. आज मॅडम नोंद करतील.”

वहीत रकाने ठरलेले. तारीख. विषय — आश्रमशाळा, वृत्तमालिका. आणि तिसरा रकाना, बातमीदाराचं नाव.

सगळे उभे होते. तायडे अगदी समोर. आता घाबरण्यासारखं काय उरलं होतं? माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. नाव मला पाठ होतं, गाव पाठ होतं, बूथवाल्याच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा आठवत होतं. पेन टेकवलं मी कागदावर.

आणि लिहिलं — ‘वार्ताहर’.

तायड्यांनी वाकून वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“पूर्णविराम राह्यला, ताई,” ते म्हणाले.

मी तो दिला.