शिंपीणबाईंचा रूबार्ब

शिंपीणबाईंचा मुलगा थंड मुलुखात शेतावर कामाला होता. रजेवर आला तेव्हा त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून रूबार्ब नावाच्या तिकडच्या भाजीचा एक गड्डा आणला. "आई, याचे लाल दांडे साखर घालून शिजवतात. आंबट म्हणजे असे, की जीभ कळवळते! पानं मात्र विषारी हं." गॅलरीतल्या कुंडीत त्यानंच तो लावला. पहिल्या वर्षी एकही दांडा तोडू नको, असं बजावून तो परत गेला, आणि हिवाळा सरायच्या आतच तिकडे ट्रॅक्टरखाली सापडून गेला.

बाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. शिलाई मशीन मात्र बंद पडलं. दिवसभर त्या कुंडीपाशीच. ऊन तापू लागलं तशी पानांनी मान टाकली. बाईंनी वर चादर बांधली, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, येता-जाता पाणी घातलं, घरातला एकुलता एक पंखाही कुंडीकडे वळवला. सून औषधांच्या दुकानातल्या कामावरून घामाघूम होऊन येई आणि वाऱ्यासाठी दारात बसे.

शेवटी तिनंच नर्सरीवाल्या काकांना बोलावून आणलं. काकांनी माती उकरून पाहिली.

"वहिनी, हा थंडीतला जीव. आपल्या उन्हाळ्यात गड्डा तग धरत नाही. त्यात जास्त पाण्यानं कुजलाय. इथे पावसाळा सरला की बी पेरायचं आणि पुढचा उन्हाळा यायच्या आत दांडे खाऊन मोकळं व्हायचं. दरसाल नवं रोप."

"नवं घेऊन काय करू? हा त्यानं आणलाय."

काका गेल्यावर बाईंनी कुंडीत हात घातला. गड्ड्याचा लगदा बोटांना लागला. "मीच मारला गं याला!" म्हणून त्यांनी असा हंबरडा फोडला की शेजारीपाजारी धावत आले. सुनेनं दार लावून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "तो माझाही होता ना."

इतक्या दिवसांत बाईंनी तिला एकदाही जवळ घेतलं नव्हतं. मातीच्या हातांनी त्यांनी तिला पोटाशी धरलं.

पावसाळा सरल्यावर सुनेनं बी आणून पेरलं. दांडे आले, पण बारके आणि हिरवेच. तिनं ते शिजवले. बाईंनी चमचाभर तोंडात घातलं आणि वाटी बाजूला सारली.

"घशाखाली उतरत नाही गं."

"राहू दे, आई."

उन्हाळा लागताच ती रोपंही करपली. उपटून टाकायला बाईंनी सुनेलाच सांगितलं. त्यांचा काही हात होईना.