थर्माकोलचा कम्प्युटर

हे आजवर कुणालाच सांगितलं न्हाय. आईला न्हाय, जिवाच्या दोस्ताला न्हाय. नकला करणाऱ्याचं बरं असतंय — खरं बोलायची पाळीच येत न्हाय, लोक आदीच हसलेले असत्यात.

मी कम्प्युटरचा मास्तर हाय, नातेपुत्यात. बी.एड. सोलापुरात केलं. तितं सराव पाठ असायचे — शाळेत जाऊन पोरांना शिकवायचं, मागं बसून कुणीतरी मार्क देणार. आता ऐका. अभ्यासक्रमात मार्क कशाला? हातानं केलेल्या साधनाला! म्हणून आमी थर्माकोलचा कम्प्युटर करायचो. थर्माकोलची बटणं, स्क्रीनला चमकी कागद. आन् शेजारच्या खोलीत खरे कम्प्युटर — कवर घालून, कुलपात! डोकं फिरतंय का न्हाय? एका पोरीनं इचारलंच, "सर, ह्यो चालू कदी हुणार?"

माझा थर्माकोल वर्गात एक नंबर. हे ध्यानात ठेवा.

मग विद्यापीठाची समिती आली, अभ्यासक्रम सुधारायला. काय बदलायचं ते तुमीच सांगा, म्हणाले. आमच्या वर्गातली नसरीन उठली. आदल्या दिवशी तिच्याच डब्यातली शेंगाचटणी खाताना मीच तिला म्हणलो हुतो — तू बोल, मी हाय मागं. ओढणी सावरत म्हणाली, "सर, म्हंजे... खऱ्या कम्प्युटरवर शिकवायचं कसं, हे आमाला कुणी शिकवलंच नाही. पाठ लॅबमधे घेऊ द्या की. म्हंजे..."

समितीच्या साहेबांनी माझ्याकडं बगितलं. "काय रे, खरंय का?"

आन् मी — काय केलं, सांगू? आमचे सर दारात उभे. कॉलेजचे मार्क त्यांच्या हातात. मी ओढणी सावरल्यागत केलं, आन् तिच्याच आवाजात म्हणलो, "म्हंजे... सर... म्हंजे..."

सगळा हॉल खदाखदा. साहेब बी हसले. चहा आला. नसरीन खाली बसली. परत कुणी उठलं न्हाय.

अभ्यासक्रम हाय तसाच. समितीला शिव्या घालतो मी अजून — त्या कुलपाला, त्या मार्कांना. पण इचारलं हुतं की मला! नुसतं "व्हय" म्हणायचं हुतं. एवढंबी तोंडातनं निघू नये?

परवा आमच्या शाळेत बी.एड.ची एक पोरगी आली, सराव पाठाला. काखेत थर्माकोलचा कम्प्युटर. आता मागं बसून मार्क देणारा मीच. लॅबची किल्ली माझ्याच खिशात.

खिशातच ऱ्हायली. साधनाला मी पैकीच्या पैकी दिले.