मामांनी ठरवलेली पावसाळी सफर

आमचे मामा घरं रंगवतात. ऊन असेपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पाऊस लागला की भिंती ओल्या, काम बंद आणि मामा घरात. मग ते मामीच्या फोडणीत लुडबुड करतात, नाहीतर कुरकुरणारं दार दुरुस्त करायला घेतात आणि ते उतरवून भिंतीला टेकवून ठेवतात. त्या वर्षी तसंच एक दार बघून मामी वैतागली. "तुम्हाला कुठेतरी पाठवायला पाहिजे. नाहीतर मला."

मामांनी ते मनावर घेतलं. बोटीत बसून बेटं बघायची, ही मामीची लग्नापासूनची हौस. मामा सहलींच्या ऑफिसात जाऊन बसले.

तिथली मुलगी म्हणाली, "काका, पावसाळ्यात बोट फार हलते. कधीकधी बेटावर उतरताही येत नाही. उन्हाळ्यात जा की."

"उन्हाळ्यात लोकांच्या भिंती कोण रंगवणार? आणि समुद्रावर जाऊन कोरडं कोण परत येतं?"

घरी आल्यावर आईने, म्हणजे त्यांच्या बहिणीने, डोक्याला हात लावला. "दादा, वहिनीला बसमध्ये मळमळतं. बोटीत तिचं काय होईल?"

मामांनी तयारीच सुरू केली. रोज संध्याकाळी ते मामीला बागेत नेऊन झोपाळ्यावर बसवायचे आणि मागून झोके द्यायचे. "अहो, पुरे, लोक बघतायत," मामी म्हणायची, पण उतरायची नाही. शिवाय गोळ्या, आलं, लिंबं आणि रंगकामात फरशीवर अंथरायच्या, रंगाचे ठिपके मिरवणाऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या बॅगा.

बोट धक्क्यावरून सुटली आणि थोड्याच वेळात मामांचा चेहरा कुठल्याही शेडकार्डात नसलेल्या रंगाचा झाला. मामीसाठी आणलेल्या गोळ्या मामांनीच संपवल्या. मामी मात्र कठड्याला धरून गरम कॉफी पीत लाटा बघत होती. तिला काहीसुद्धा झालं नाही!

पहिल्या बेटाजवळ लाटा इतक्या उसळल्या की बोट तशीच पुढे निघाली. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या बेटाशी पाऊस धो धो कोसळत होता, पण वारा पडला होता. ज्यांना हवं त्यांनी छोट्या होडीतून उतरावं, अशी घोषणा झाली. बाकीची मंडळी पत्ते सोडून उठेना. मामा सगळ्यांच्या आधी दाराशी. "मला जमीन पाहिजे. कसलीही चालेल."

किनाऱ्यावर पाय लागताच ते ओल्या वाळूत आडवेच झाले. समोर बेटावरच्या चार-पाच बायका गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. त्यातल्या एका आजीबाईंनी मामीला हाताने बोलावलं. मामी आधी लाजली, मग होती त्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली आणि ओरडली, "अहो! समुद्र गरम आहे!"

वरून गार सरी, खाली कोमट पाणी. आजीबाईंची भाषा तिला कळत नव्हती. त्यांनी तिच्या पाठीखाली हात धरला आणि तिला अलगद आडवं केलं. मामा घाबरून उठून बसले. "अगं, बुडशील!" पण मामी डोळे मिटून, चेहऱ्यावर पाऊस घेत तरंगत होती आणि मोठमोठ्याने हसत होती. इतक्या वर्षांत हे हसणं आपण ऐकलंच नव्हतं, असं मामा अजून सांगतात. परत जायचा भोंगा वाजला, तरी ती बाहेर येईना.

घरी आल्यावर मामीने पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळ्यांत मोठी तीच. आता ती तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जाते. काम नसेल तेव्हा मामा टॉवेल घेऊन काठावर बसतात. परवा तिने त्यांना पाय तरी पाण्यात सोडायला लावले.

"पाणी हलतंय गं," मामा म्हणाले.

"मी पोहतेय म्हणून हलतंय," असं म्हणून ती वळली आणि पुन्हा निघाली.