हलका हप्ता

परवा सकाळी आमच्या गावच्या तलावावर माझा जीव टांगणीला लागला होता. उजवा हात अजून आखडलाय, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतेय... चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

पोंभुर्ण्याजवळचं आमचं खेडं. मी शिलाईचं काम करते. मशीनवर वाकून वाकून खांदा धरला, तेव्हा मोबाईलवर व्यायामाचा एक प्रोग्राम सापडला. वजनं नाहीत, जिम नाही, आपलंच शरीर आपण उचलायचं. तीन आठवडे चढत जायचं, चौथा हलका, अंगाला विसावा द्यायचा, मग पुन्हा सुरुवात... पण प्रत्येक फेरीची सुरुवात आधीपेक्षा थोडी वरून.

पुशअप्स भिंतीवरून खाटेवर आल्या, खाटेवरून जमिनीवर. पुलअप मात्र एकही नाही. अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला मी नुसती लटकते. या फेरीत तर फांदीवर टॉवेल टाकून त्याची टोकं धरून लटकायचं होतं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, खाटेवर बसून ते बघायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, आम्ही घरात सून आणली का वटवाघूळ?

खरा घोटाळा हलक्या आठवड्याचा. मासे धरणारं, धान पिकवणारं आमचं घर... इथे धडधाकट माणूस बसलेला दिसला की कपाळाला हात लावून ताप बघतात. मीही त्यातलीच. पावसाळ्यात हलका आठवडा नेमका धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आला, तेव्हा व्यायाम नाही म्हणजे विश्रांतीच, असं धरून दिवसभर चिखलात वाकून धान लावलं. पुढच्या आठवड्यात फांदी हातातून सुटली. पाण्याची बादलीही धरवेना. अख्खी फेरी वाया गेली.

म्हणून या वेळी हट्टाला पेटले. तलावाचं पाणी उतरलंय, मोठं जाळं ओढायला बायामाणसं सगळीच जातात. मी म्हटलं, डबा घेऊन येईन, जाळं ओढणार नाही. माझा हलका आठवडा आहे.

मामाजी भडकलेच. "हातपाय धड असून हलका हप्ता? तलाव काई तुह्या मोबाईलले इचारून आटत नाई, बाई."

नवऱ्याने नेहमीप्रमाणे मान खाली घालून चहा पिऊन घेतला.

उन्हं वर आल्यावर रागारागातच डबा घेऊन गेले. सगळे पलीकडच्या काठाला. मामाजींचे गुडघे गेलेत, म्हणून ते अलीकडे तुडुमाजवळ, जिथून शेताला पाणी सोडतात तिथे, एकटेच लहान जाळं टाकून होते. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, बघितलं तर छातीपर्यंत आत. वाटलं, पाण्यात उभे असतील. जवळ गेले तर वर वीतभर पाणी... खाली सगळा गाळ.

पाय काढायला जोर लावला की ते आणखी खाली जात होते. मी बोंब मारली. पलीकडे कोणीतरी हात हलवला, पण तिथून इथे पोचायला वेळ लागणार होता. तुडुमाच्या दगडावर पालथी पडले, डाव्या हाताने तुडुमाचा लोखंडी दांडा धरला आणि उजव्याने त्यांचं मनगट. हात माशांनी बुळबुळीत झालेला... सटकला.

त्यांच्या गळ्यात दुपट्टा होता. तो काखेखालून घ्यायला लावला आणि दोन्ही टोकं उजव्या मुठीत पिळून धरली. त्यांना ओढून काढायची ताकद माझ्यात नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. फक्त खाली जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणजे लटकायचंच होतं... आडवं.

बोटांची आग व्हायला लागली. पाणी मामाजींच्या हनुवटीला लागलं होतं. इतकी वर्षं मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. परवा पाहिलं. तरी आवाज शांत होता.

"सोड, बाई. तू बी येशीन आत."

"मले लटकता येते, मामाजी. तुमी हालू नका."

ते हलले नाहीत. मीही नाही. किती वेळ गेला कोण जाणे. फांदीवर असताना, आता सोडावंच, असा एक क्षण येतो. तो आला, गेला, परत आला. सकाळपासून जाळं ओढून आले असते तर त्या क्षणी माझी मूठ उघडली असती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती.

मग नवरा आणि दीर डोंगा वल्हवत आले. डोंगा आडवा लावून, काखेत बांबू घालून, हळूहळू हलवत त्यांना वर काढलं. लुंगी तलावाने ठेवून घेतली.

माझी मूठ काही केल्या उघडेना. सासूबाईंनी कोमट पाण्यात हात धरून एकेक बोट सोडवलं. मामाजी दिवसभर खाटेवर पडून राहिले. कालही तसंच.

आज सकाळी पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन विहिरीकडे निघाले, तर खाटेवरून त्यांनी हळूच विचारलं, तो हप्ता सरला का? म्हटलं, नाही, अजून रविवारपर्यंत आहे. ते उठले, दुखऱ्या गुडघ्यांनी अंगण ओलांडून आले आणि माझ्या हातातला गुंड काढून नवऱ्यापुढे ठेवला.

"तू जाय पाण्याले. तिचा हलका हप्ता हाय."

नवरा गुंड उचलून गेला. मी कडुनिंबाखाली बसून थोडी रडले, थोडी हसले.

पुलअप अजून एकही होत नाही... सोमवारपासून नवी फेरी. फांदी आहे, टॉवेल आहे, आणि खाटेवर बसून वटवाघूळ म्हणायला मामाजी आहेत. देवा, आणखी काही मागत नाही.